पाटी नाही तर लायसन नाही

"अख्ख्या डिचोली तालुक्यात विचार करणारा मेंदू एकच, आणि तो ह्या घडीला तुमच्या घरात कदेलीवर बसलाय," असे म्हणून सगुणदादा मळीक यांनी तिसरी नेवरी उचलली. "मी माणसाच्या चपला बघून त्याच्या आजोबांचा धंदा सांगतो. खोटे बोलणाऱ्याला मी नुसत्या वासावरून ओळखतो. माझे नाव ऐकले की गुन्हेगाराच्या हातातला कप खाली पडतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही हां, बढाईची मला चीड आहे. नेवऱ्या फर्मास झाल्यात. आणखी आहेत ना?"

गौरेश गावसने मुकाट्याने डबा पुढे सरकवला. चपलांच्या बाबतीत त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मागच्या महिन्यात हेच सगुणदादा देवळातून भलत्याच माणसाच्या चपला घालून आले होते आणि पाय सुजले म्हणून आठवडाभर डॉक्टरकडे खेपा घालत होते. पण बोलतो कोण? एक तर चवथीचे दिवस, दारी आलेला माणूस. दुसरे म्हणजे गौरेश हा त्यांचा मदतनीस होता. तसे त्याने कधी हो म्हटले नव्हते. तो आपला डिचोली-पणजी खाजगी बसवरचा कंडक्टर. सुट्टीच्या दिवशी शेजारून हाक आली की जायचा, एवढेच. सगुणदादांनी मात्र त्याचे नाव आपल्या कार्डाच्या पाठीमागे छापून घेतले होते. पुढच्या बाजूला मजकूर होता, 'सगुण मळीक, खाजगी गुप्तहेर. सेवाक्षेत्र : डिचोली, पेडणे आणि जाण्यायेण्याची सोय केल्यास वाळपई.'

आता सगुणदादा काही आईच्या पोटातून गुप्तहेर म्हणून आले नव्हते. वीस वर्षे त्यांनी पेडण्याकडे जमिनीची दलाली केली. मग कायदा आला. नोंदणी केल्याशिवाय रिअल इस्टेट एजंट म्हणून काम करायचे नाही, आणि नोंदणीचा फॉर्म ऑनलाइन. सगुणदादांनी तो फॉर्म उघडला, पहिली तीन पाने वरखाली केली, कॉम्प्युटर बंद केला आणि दुसऱ्या दिवसापासून गुप्तहेर झाले. "गुप्तहेराची कसली आलीय नोंदणी?" ते म्हणायचे. "नोंदवला की तो गुप्त राहिलाच कुठे?"

तोच फॉर्म गौरेशच्या बायकोने, ऋतिकाने, शेवटच्या पानापर्यंत भरला होता.

ऋतिका पेडण्याला एका एजंटाच्या ऑफिसात सहा वर्षे होती. मोपाला विमानतळ झाल्यापासून तिकडे गिऱ्हाइकांची ही रांग. उन्हातान्हात फ्लॅट दाखवायची ही, म्हाताऱ्या माणसांना कागद समजावून सांगायची ही, आणि एजंट म्हणून नाव लागायचे त्या साहेबांचे. साहेब तोवर पंख्याखाली घोरत असायचे. शेवटी जूनमध्ये तिने नोकरी सोडली आणि सर्वण गावच्या घरातली पुढची खोली धंद्याची जागा म्हणून दाखवून स्वतःचा अर्ज केला. "मला एकदा कागदावर माझे नाव बघायचेय," एवढेच ती म्हणाली होती. गौरेशला ते असे लागले होते की त्या दिवशी तो दोन प्रवाशांना तिकीट द्यायचेच विसरला.

पणजीच्या ऑफिसातून उलट विचारणा आली, ती पाटीवरून. ऋतिकाने पुठ्ठ्यावर स्केचपेनने नाव लिहून दाराशी धरले होते आणि त्याचा फोटो पाठवला होता. तो चालणार नव्हता. पक्की पाटी करा, धंद्याच्या जागेत लावा आणि फोटो पाठवा. मुदत अमुक तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत, नाहीतर अर्ज बंद. आणि अमुक तारीख म्हणजे बरोबर चवथीचा चौथा दिवस.

तिने डिचोली बाजारातल्या प्रज्योतकडे पाटी सांगितली. चार फूट बाय तीन फूट, लाकडी पट्ट्यांची चौकट आणि वर फ्लेक्स, 'ऋतिका गावस, रिअल इस्टेट एजंट'. चवथीच्या आदल्या दिवशी ती घरी पोचली. मग गणपती आले, पाहुणे आले, पातोळ्या झाल्या, खतखते झाले. चवथीत घरच्या सुनेला नाक पुसायला सवड नसते. चौथ्या दिवशी सकाळी ती हात पुसत पडवीत गेली, तर पाटी नाही!

प्रज्योतला फोन केला. "वैनी, मी स्वतः टेम्पोतून आणून पडवीत उभी केली. फ्लेक्साच्या बाजूला चांगला कागद चिकटवून दिलेला, धूळ लागू नये म्हणून. दुसरी आता कशी करू? दुकान बंद, आणि चौकट ठोकणारा पांडुरंग गेलाय सावंतवाडीला. त्याचा गणपती उठल्याशिवाय तो काही येत नाही."

पणजीलाही दोघातिघांना विचारून झाले. सगळ्यांच्या घरी गणपती. चवथीच्या पाच दिवसांत गोव्यात पाटी करून मागणे म्हणजे भिंतीशी बोलणे.

म्हणून सकाळी दहा वाजता सगुणदादा पुढच्या खोलीत, गणपतीच्या समोर, चवथीला देवाच्या डोक्यावर फळे बांधून टांगतात त्या माटोळीच्या ऐन खाली कदेल टाकून बसले होते. वर माटोळीला नारळाच्या पेंडी, तवशी, तोरिंजने, सुपारीचे शिपटे आणि लालभडक कवंडळे लटकत होती आणि खाली सगुणदादा नेवऱ्या संपवत होते.

"पहिली गोष्ट, घटनास्थळ," ते उठत म्हणाले.

पडवीत त्यांनी गुडघे टेकले आणि भिंग काढले. पाच मिनिटांनी त्यांचा चेहरा उजळला. "गौरेश, लिही! ओल्या मातीत पावलाचा ठसा. माणूस जाडजूड आहे, डाव्या पायावर जास्त भार देतो, आणि चालताना आजूबाजूला बघत नाही. अतिशय बिनडोक इसम."

"दादा, तुम्ही आत्ता तिथूनच आत आलात."

सगुणदादांनी आपला पाय ठशावर ठेवून बघितला. तो चपखल बसला. "मी हे मुद्दाम केले," ते म्हणाले. "तुझे लक्ष आहे का, ते बघत होतो."

गौरेशचे लक्ष होते, पण ते वेगळ्याच जागी होते. त्याच्या मनात सकाळपासून एकच नाव घोळत होते, धाकू, म्हणजे त्याचे स्वतःचे वडील. जूनमध्ये ऋतिकाने अर्ज केला तेव्हा धाकूबाबांनी जेवणाच्या पानावरूनच सांगितले होते, "जमिनी विकतल्याची पाटी माझ्या घराक नाका." पुढे त्यावर चकार शब्द नाही. आज पाटी गायब. घरामागे विहीर होती, गोठा होता, गवताची गंजी होती. चार फुटांची वस्तू लपवायला म्हाताऱ्या माणसाला आणखी काय हवे? पण बापावर संशय घ्यायचा कसा, आणि घेतला तर तो बायकोला सांगायचा कसा? म्हणून तो सगुणदादा सांगतील ते लिहीत बसला.

"आता हेतू बघू," सगुणदादा म्हणाले. "ऋतिका एजंट झाली तर कोणाचे नुकसान? जुन्या दलालांचे! आणि त्यात सगळ्यात बेरकी कोण? योगेश! माझ्याबरोबर पेडण्याला होता. माझे गिऱ्हाईक भर रस्त्यात चहा पाजून पळवायचा. फोन लाव, स्पीकरवर टाक. आवाजाचा थरकाप मी टिपतो."

योगेशने फोन उचलला. मागे आरती चालली होती, घुमटावर थाप पडत होती.

"योगेश!" सगुणदादा गरजले. "सर्वणला एक पाटी चोरीला गेलीय. तू कुठे होतास?"

"आरतीत. आताही आरतीतच आहे. कोणाची पाटी? ऋतिकाची? अरे देवा! तिला सांग, पाचच्या आत काहीतरी पाठव. माझी नोंदणी होऊन चार वर्षे झाली, मला ठाऊक आहे ते. एकदा अर्ज बंद पडला की पहिल्यापासून भरावा लागतो. आणि सगुण, तू केलीस की नाही रे नोंदणी?"

सगुणदादांनी फोन ठेवला. "थरकाप नव्हता," ते म्हणाले. "म्हणजे तो सराईत आहे."

साडेअकरापर्यंत संशय योगेशवर होता. बारा वाजता तो शेवंतीकाकीच्या गायीवर गेला. शेवंतीकाकी म्हणजे कुंपणापलीकडची म्हातारी. तिच्या गायीने गेल्या वर्षी कोणाची तरी ताडपत्री खाल्ली होती, हे अख्ख्या सर्वणाला माहीत होते. सगुणदादा गायीसमोर उभे राहिले, गाय सगुणदादांसमोर उभी राहिली, आणि बराच वेळ दोघांपैकी कोणीच काही कबूल केले नाही.

"चार फुटांची पाटी, दादा," गौरेश म्हणाला. "लाकडासकट. गाय खाईल कशी?"

"गायीला पोटे किती?"

"चार."

"दर पोटाला एक फूट. लिही."

गायीने सगुणदादांच्या हातातले कार्ड मात्र खरेच खाल्ले. हा पुरावा समजावा की अपघात, यावर ते परतताना वाटभर बोलत राहिले.

दुपारी जेवण झाले. सगुणदादा पुन्हा माटोळीखालच्या कदेलीवर बसून डोळे मिटून विचार करत होते, आणि विचारांचा घर्र घर्र असा आवाज येत होता. इतक्यात वरून एक पिकलेले कवंडळ सुटले आणि त्यांच्या टाळूवर टप्पकन बसले.

"हल्ला!" ते ताडकन उठले. "गौरेश, बघ! जनेल उघडे आहे! आपण सत्याच्या जवळ पोचलो की शत्रू घाबरतो!" त्यांनी जनेलातून बाहेर बघितले, मेजाखाली बघितले, गणपतीच्या मखरामागे बघितले. वर सोडून सगळीकडे बघितले. मग डोक्यावरचा लाल रस रुमालाने पुसून त्याचा वास घेतला, आणि कदेल हातभर बाजूला सरकवून पुन्हा बसले.

पावणेतीनला त्यांनी चौथा सिद्धांत मांडला, आणि तो मांडायला नको होता.

"पाटी ऋतिकानेच लपवलीय. नवऱ्याची परीक्षा बघायला. बायका असे करतात, मी वाचलेय."

ऋतिका दारातच उभी होती, हातात कढईतला झारा घेऊन. ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. "सगुणदादा, सहा वर्षे मी दुसऱ्याच्या नावाने काम केले," ती म्हणाली. "आज पाचला ते पान बंद होईल. तुम्ही सकाळपासून माझी गाय तपासताय, माझ्या नेवऱ्या तपासताय. तुम्हाला ह्यात मजा वाटते का हो?" आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

"गाय शेवंतीची होती," सगुणदादा हळूच पुटपुटले.

गौरेशला हे बघवेना. त्याने मनाचा हिय्या केला आणि थेट मागच्या दाराला गेला. धाकूबाबा केळीची पाने कापत बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन चवथीनंतर ठरलेले, तरी एक पान वाकडे कापत नव्हते.

"बाबा, एक विचारू?"

"ती कित्याक रडता?" बाबांनीच विचारले.

"तिची पाटी मिळत नाही. तुम्ही... तुम्हाला ती नको होती ना?"

बाबांनी कोयती खाली ठेवली. "नाका आसली, खरां. पण मी तुझ्या आवशीची शपथ घेवन सांगतंय, मी पाटी बघूक नाय. माझा तोंड वायट आसा रे, हात वायट नाय."

बापाने जन्मात खोटे बोललेले गौरेशने ऐकले नव्हते. त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण मग पाटी गेली तरी कुठे?

साडेतीन वाजता शेवंतीकाकी आली. ती दरवर्षी चौथ्या दिवशी गावभर फिरून माटोळ्या बघते. कोणी किती जातींची फळे बांधली, कोणाकडे काय कमी, हे तिच्याइतके चोख कोणाला सांगता येत नाही. आली तशी ती गणपतीला नमस्कार करून माटोळीखाली उभी राहिली आणि मान वर करून मोजू लागली.

"तवशी आसा. आंबाडे आसत. कवंडळां चार, एक पडलासा दिसता." मग तिने डोळे बारीक केले. "रे धाकू भाऊ, पण ही माटोळी तुमची नाय. तुमची जुनी फणसाच्या लाकडाची काळीकुट्ट. ह्यो पट्टयो नव्यो कोऱ्यो. आणि माटोळीक वर कागदाचा छप्पर कित्याक घातलासा? देवाक पाऊस लागता?"

धाकूबाबा मागून हात पुसत आले. "जुनी उधयेन खाल्ली गो. ही नवी. आमच्या गौरेशान आणली."

"मी?" गौरेश म्हणाला.

"तूच मरे! आठ दिवस आदी तुका सांगितलेलां, सुताराकडसून नवी माटोळी करून आण. तू हो म्हणालंस. आदल्या दिसा पडवीत बघतंय तर नवीकोरी चौकट उभी! माका इतकी खुशी झाली. म्हटलां, माझ्या झिलान जन्मात पयल्यांदा सांगितलेला काम केलान. म्हणून कोणाक न विचारता उचलली आणि बांधली."

पडवीतली ती चौकट म्हणजे ऋतिकाची पाटीच होती. गौरेशला सगळे आठवले. बाबांनी सांगितले होते, तो हो म्हणाला होता, आणि बसमध्ये चढताच विसरला होता. मोतीबिंदूच्या डोळ्यांना कागद लावलेला फ्लेक्स काय दिसणार? पट्ट्यांना फळे बांधायला तर कोणतीही चौकट चालते. सगळ्यांच्या नजरा वर गेल्या, आणि मग एकदम गौरेशवर आल्या.

"मला पहिल्यापासून गौरेशवरच संशय होता," सगुणदादा म्हणाले. "म्हणूनच मी त्याला जवळ ठेवला."

"मग काढा ना खाली!" गौरेश स्टूल ओढत म्हणाला. "चार वाजत आले!"

पण स्टुलाला हात लागला आणि तो थांबला. गणपती पाच दिवसांचा. उद्या विसर्जन. देव बसलेला असताना डोक्यावरची माटोळी सोडायची, हे त्या घरात कोणी कधी केले नव्हते. धाकूबाबांनी वर बघितले. मग ऋतिकाकडे वळून म्हणाले, "बाय, माझी चूक झाली. तू म्हणशीत तर मी देवाकडे गाऱ्हाणां घालतंय आणि माझ्या हातान सोडतंय. देवाक मी सांगेन. पण तू असां समजू नको की मी मुद्दाम केलां."

ऋतिका उठली. "नका सोडू, बाबा," ती म्हणाली. "ही पुढची खोली म्हणजेच माझे ऑफिस ना? अर्जात तसेच लिहिलेय. पाटी ऑफिसातच लागलीय. फक्त फोटो वरून काढायचा."

"विहंगम दृश्य!" सगुणदादांना पुन्हा कंठ फुटला. "हे माझे काम."

ते माळ्यावर चढले. वरून बरीच धडपड, दोन शिंका आणि एक 'आई गं' ऐकू आले. दहा मिनिटांनी ते जळमटांसकट खाली उतरले. त्यांनी सात फोटो काढले होते. सातही त्यांच्या अंगठ्याचे होते, आणि अंगठा एकदम स्पष्ट होता.

सव्वाचारला ऋतिकाने पदर खोचला आणि स्वतः शिडी चढली. माळ्याच्या कडेवर पोट टेकून तिने हात लांबवला, देवाला मनातल्या मनात काय सांगायचे ते सांगितले, आणि फ्लेक्सावरचा कागद हलक्या हाताने ओढून काढला. खाली गौरेशने शिडी धरून ठेवली. वरून तिचा आवाज आला, "दिसतेय हो! सगळे दिसतेय!" निळ्या मोठ्या अक्षरांत तिचे नाव, चारी कडांनी लोंबणाऱ्या नारळाच्या पेंडी, कवंडळे आणि सुपारीचे शिपटे, आणि एका फटीतून गणपतीच्या मुकुटाचे टोक. चार वाजून चाळीस मिनिटांनी फोटो अपलोड झाला.

पाचला दहा मिनिटे असताना तिचा फोन वाजला. पणजीच्या ऑफिसातून कोणी बाई बोलत होत्या. ऋतिकाने स्पीकर लावला.

"तुमचा फोटो बघितला हो," बाई म्हणाल्या. "हे बाजूला लटकलेय ते कवंडळ ना? माझे माहेर पेडण्याचे, लगेच ओळखले. पण बाई, ही पाटी कशी लावलीत? नाव सगळे वर छपराकडे. खाली उभ्या माणसाने वाचायचे कसे?"

ऋतिका गौरेशकडे बघू लागली, गौरेश सगुणदादांकडे बघू लागला, सगुणदादा देवाकडे बघू लागले. तेव्हा धाकूबाबा पुढे झाले आणि फोनवर वाकून, लांबच्या माणसाशी बोलावे तसे ओरडून म्हणाले, "बाय, वरच्यान पयल्यांदा वाचलान! खालचे आता सावकाश वाचतले! माझ्या सुनेची पाटी ती. मी स्वतः बांधलंय!"

पलीकडे बाई अशा हसल्या की फोन करकरला. "आमचाही पाच दिवसांचा आहे हो, आजोबा. बरे. मुदतीत फोटो आला, एवढे मी लिहून ठेवते. विसर्जन झाले की पाटी दाराला लावा आणि तिथला एक फोटो पाठवा. घाई करू नका, देवाला नीट पोचवून या."

दुसऱ्या दिवशी गणपती नदीवर गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकूबाबांनी दाराच्या चौकटीवर पाटी स्वतः ठोकली. एक पट्टी गौरेशने धरली. सगुणदादांनी पाटी सरळ आहे की नाही हे भिंगातून बघून सांगितले, आणि ती वाकडी लागली. मग ऋतिकाने ती सरळ केली.

त्यानंतर बरोबर अकरा दिवसांनी प्रमाणपत्र आले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून ऋतिका रडली, गौरेशही रडला, आणि सगुणदादांनी अश्रूंचे नमुने घ्यायला छोटी बाटली मागितली. ती त्यांना कोणी दिली नाही.

धाकूबाबा पडवीत बसले होते. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि परत तिच्या हातात दिला. "माका दिसणां नाय गो. नाव काय लिवलां तां तूच वाच."

"ऋतिका गौरेश गावस," ती म्हणाली.

"परत वाच."

"ऋतिका गौरेश गावस."

"आता मोठ्यान वाच. शेजारणीक आयकाक येव दे."

तिने मोठ्याने वाचले. कुंपणापलीकडे धुणे वाळत घालणाऱ्या शेवंतीकाकीने मान वर केली आणि ओरडून सांगितले, "आयकलां गो बाय, तिन्ही येळा आयकलां!"